ययातीच्या हातातला बदनाम तारा



आज मी तुम्हाला एका ताऱ्याची गोष्ट सांगणार आहे. हा तारा शेकडो वर्षं बदनाम होता. अरबांनी त्याचं नाव ठेवलं 'राक्षसाचं डोकं'. हिब्रू भाषेत तो झाला 'सैतानाचं डोकं'. मध्ययुगातल्या युरोपीय ज्योतिषांनी तर त्याला सगळ्या आकाशातला अतिशय अशुभ तारा ठरवून टाकलं. मुंडकं उडणं, फाशी जाणं, असली मरणं त्याच्या नावावर लिहिली गेली. आणि हा तारा तुमच्या-माझ्या गच्चीवरून, नुसत्या डोळ्यांनी, कुठल्याही उपकरणाशिवाय दिसतो. त्याचं नाव अल्गोल. तो राहतो ययाती या तारकासमूहात.

आधी तो शोधायचा कसा ते सांगते, म्हणजे पुढची गोष्ट ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर आकाश असेल.

डिसेंबरचा मध्य धरा. रात्री साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. थोडं डावीकडे, म्हणजे वायव्येला, पाच ताऱ्यांची एक ठळक वेडीवाकडी रेघ दिसेल. इंग्रजी एम किंवा डब्ल्यू अक्षरासारखी. ती शर्मिष्ठा. उजवीकडे, ईशान्येला, एक खूप तेजस्वी पिवळसर तारा असेल, तो ब्रह्महृदय. आणि जवळजवळ डोक्यावर कृत्तिकांचा तो छोटासा पुंजका, जो बहुतेकांना ओळखीचा असतो. या तिघांच्या मधली जी जागा आहे, तिथे ययाती आहे. त्यातला सगळ्यात ठळक तारा मिरफाक. त्याच्यापासून थोड्या अंतरावर जवळपास तेवढाच ठळक दुसरा तारा आहे, तो अल्गोल.

ही व्याख्यानमाला निरनिराळ्या राज्यांत ऐकली जाते, म्हणून उंचीही सांगते. त्या वेळी अल्गोल मुंबईहून उत्तर क्षितिजाच्या वर सुमारे ६८ अंशांवर दिसेल. चेन्नईहून ६२, तिरुअनंतपुरमहून साधारण ५७ आणि दिल्लीहून जवळजवळ ७८ अंश. थोडक्यात, भारतात तुम्ही कुठेही असा, तारा चांगला उंच असतो. झाडं-इमारती आड येत नाहीत.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ययाती, शर्मिष्ठा, शेजारी देवयानी आणि वर वृषपर्वा! हे सगळं महाभारतातलं कुटुंब उत्तरेच्या आकाशात जमलं कसं? याचं उत्तर असं की आपली जुनी २७ नक्षत्रं चंद्राच्या वाटेवरची आहेत. उत्तरेकडचे हे समूह त्या वाटेच्या बाहेर पडतात. त्यांची जी मांडणी आज जगभर वापरतात ती ग्रीकांकडून आलेली आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ४८ तारकासमूहांची यादी दिली, त्यात हे सगळे आहेत. तिथे ययाती आहे पर्सियस, देवयानी आहे अँड्रोमेडा, शर्मिष्ठा आहे कॅसिओपिया आणि वृषपर्वा आहे सेफियस. पुढे आधुनिक काळात आपल्याकडच्या अभ्यासकांनी या समूहांना आपल्या कथांमधली नावं दिली. एका घरातली माणसं घेऊन त्यांच्या जागी आपल्या एका घरातली माणसं बसवली, कल्पना सुंदरच आहे. पण नाती मात्र जुळत नाहीत. ग्रीकांची कॅसिओपिया ही सेफियसची बायको आणि आपली शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची मुलगी. त्यामुळे गोष्ट सांगताना मी ग्रीक नावंच वापरते, नाहीतर घोटाळा होईल.

तर गोष्ट अशी.

आर्गोस नावाच्या राज्यात अक्रिसियस हा राजा होता. त्याला भविष्य सांगितलं गेलं की तुझ्या मुलीचा मुलगा तुझा जीव घेईल. राजाने काय केलं? डॅनाई नावाची आपली एकुलती मुलगी ब्राँझच्या कोठडीत कोंडून घातली. कंसाची आठवण झाली ना तुम्हाला? पुढेही तसंच होतं. कोंडलं म्हणून काही थांबत नाही. देवांचा राजा झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपाने कोठडीत उतरला आणि डॅनाईला मुलगा झाला. तो पर्सियस. राजाने आई आणि बाळाला लाकडी पेटीत घालून समुद्रात सोडून दिलं. पेटी सेरिफॉस नावाच्या बेटाला लागली. डिक्टिस नावाच्या कोळ्याने ती जाळ्यात ओढून घेतली आणि पोराला वाढवलं.

पोर मोठं झालं. त्या बेटाच्या राजाचा, पॉलिडेक्टिसचा, डोळा डॅनाईवर होता आणि हा तरणा मुलगा आड येत होता. म्हणून राजाने त्याला अशा कामावर धाडलं जिथून कोणी परत येत नाही. 'मेड्युसाचं मुंडकं घेऊन ये,' म्हणाला. मेड्युसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप होते, आणि तिच्याकडे जो बघेल त्याचा दगड व्हायचा.

पर्सियसला देवांची मदत मिळाली. पंखांच्या चपला, अदृश्य करणारं शिरस्त्राण, एक विळ्यासारखं शस्त्र, मुंडकं ठेवायला पिशवी आणि अथेना देवीची आरशासारखी लख्ख ढाल. मेड्युसा झोपलेली असताना तो गेला. तिच्याकडे न बघता ढालीतल्या प्रतिबिंबात बघत त्याने वार केला. तिच्या धडातून पेगॅसस हा पंखांचा घोडा बाहेर आला. तोही आकाशात आहे, आपण त्याला महाश्व म्हणतो.

परत येताना त्याला समुद्रकाठी खडकाला साखळ्यांनी बांधलेली एक मुलगी दिसली. ती अँड्रोमेडा. तिचा गुन्हा काय? काहीच नाही. तिची आई कॅसिओपिया बढाई मारून बसली होती की सौंदर्यात सागरकन्यांनाही मागे टाकू. समुद्रदेव पोसायडन चिडला, त्याने किनाऱ्यावर एक प्रचंड जलचर सोडला. उपाय म्हणून वडिलांनी, म्हणजे सेफियस राजाने, मुलीला बळी द्यायचं ठरवलं. पर्सियसने त्या प्राण्याला मारलं, अँड्रोमेडाशी लग्न केलं, बेटावर परत जाऊन पॉलिडेक्टिसला मुंडकं दाखवून त्याचा दगड केला आणि आईला सोडवलं. आणि शेवटी? एका खेळांच्या स्पर्धेत त्याने फेकलेली थाळी प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्याला लागली. तो म्हातारा अक्रिसियस होता. भविष्य खरं झालं.

या गोष्टीत मला नेहमी एक गोष्ट टोचते. मेड्युसा मुळात राक्षसी का झाली? रोमन कवी ओव्हिडने त्याच्या 'मेटामॉर्फसिस' या ग्रंथात सांगितलंय, की ती आधी सुंदर केसांची मुलगी होती. समुद्रदेवाने देवीच्या मंदिरात तिच्यावर बळजबरी केली. आणि देवीने शिक्षा कोणाला दिली? तिला. तिच्या केसांचे साप केले. म्हणजे बघा, बढाई आई मारते आणि साखळी मुलीला, अत्याचार देव करतो आणि शाप बाईला. गोष्ट ग्रीसची आहे, पण न्यायाची ही पद्धत आपल्याला परकी नाही.

आकाशात पर्सियस उभा आहे तो हेच मुंडकं हातात धरून. आणि त्या मुंडक्यात जो तारा आहे तो अल्गोल. अरबी भाषेत रास अल-घूल, म्हणजे घूल नावाच्या राक्षसाचं डोकं. त्यावरून अल्गोल.

आता हा तारा भीतीदायक का वाटला असेल? एक तर गोष्टीमुळे. दुसरं कारण असू शकतं ते त्याच्या वागण्यात. हा तारा डोळा मिचकावतो. एरवी चांगला ठळक असतो, आणि मग एखाद्या रात्री बघावं तर मंद झालेला, शेजारच्या सामान्य ताऱ्यांसारखा. पुन्हा दुसऱ्या रात्री पूर्ववत. जुन्या लोकांच्या हे लक्षात आलं होतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. टॉलेमीच्या यादीत तो आहे, पण त्याच्या बदलण्याचा उल्लेख नाही. सतराव्या शतकात जेमिनियानो मोंतानारी या इटालियन अभ्यासकाने तो मंद होतो अशी नोंद केली. पण कधी होतो, किती वेळ होतो, का होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

इथे मी थोडी घरची गोष्ट सांगते, कारण या ताऱ्याकडे मी वळले ती तिच्यामुळेच.

माझी आत्या मूळ नक्षत्रावर जन्मलेली. मराठी घरांत याचा अर्थ काय हे सांगायला नको. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते म्हणतात. आश्लेषाची सासूच्या, ज्येष्ठाची थोरल्या दिराच्या. आत्या शिकलेली, शाळेत नोकरीला, दिसायला चारचौघींसारखी. स्थळं यायची, पत्रिका जायची, पत्रिका परत यायची. मग कोणीतरी तोडगा सुचवला, की सासरा नसलेलं घर बघा, म्हणजे प्रश्नच मिटला. आत्या म्हणाली, "कुणाचा बाप मेला आहे म्हणून मला तिथे द्यायचं, हे मला चालणार नाही." तिथे विषय संपला. ती एकटी राहिली, आनंदाने राहिली, पण तो निर्णय तिचा एकटीचा नव्हता. निम्मा निर्णय आकाशातल्या काही ठिपक्यांच्या नावावर इतरांनी घेतला होता.

मी आकाश बघायला शिकले तेव्हा एका उन्हाळ्यात तिला इंदूरच्या आमच्या गच्चीवर नेलं. दक्षिणेला वृश्चिक उगवला होता. त्याची वळलेली शेपटी दाखवली आणि म्हटलं, "आत्या, ती नांगी दिसते ना, ते मूळ." तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "एवढंच होय?"

साठीच्या पुढे गेली होती ती तेव्हा. ज्या नक्षत्राने तिची पत्रिका भरली होती, ते तिने तोपर्यंत एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ज्यांनी पत्रिका परत केल्या त्यांनीही पाहिलं नसणार. तेव्हापासून मला अशा बदनाम ताऱ्यांबद्दल कुतूहल वाटू लागलं, आणि शोधता शोधता मी अल्गोलपाशी आले. कारण या एका ताऱ्याच्या बाबतीत बदनामीचा निकाल लागलेला आहे. तो लावला एका अठरा वर्षांच्या मुलाने, खिडकीत बसून.

त्याचं नाव जॉन गुडरिक. जन्म १७६४. अगदी लहानपणी आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली. त्या काळात अशा मुलांना शिकवता येतं हेच बहुतेकांना मान्य नव्हतं. पण एडिंबरात टॉमस ब्रेडवुड यांनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालवली होती. गुडरिकला तिथे घातलं गेलं. पुढच्या शिक्षणात त्याला गणिताची गोडी लागली. नंतर तो इंग्लंडमधल्या यॉर्क गावी घरच्यांकडे राहायला आला. शेजारी एडवर्ड पिगट नावाचा त्याच्याहून मोठा, आकाश बघणारा माणूस होता. दोघांची मैत्री जमली. पिगटला बदलणाऱ्या ताऱ्यांमध्ये रस होता. अशा ताऱ्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. त्या वेळी असे तारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच माहीत होते.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिक अल्गोलकडे बघत होता आणि त्याला धक्का बसला. तारा मंद झालेला होता. पहिल्यांदा त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हवेचा दोष असेल, नजरेचा असेल. म्हणून त्याने काय केलं? तो पुन्हा बघू लागला. दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री, ढग नसतील त्या प्रत्येक रात्री. उत्तर इंग्लंडचा हिवाळा म्हणजे ढग काही कमी नव्हेत. शेजारच्या कुठल्या ताऱ्याएवढा दिसतो, कोणापेक्षा कमी, कोणापेक्षा जास्त, किती वाजता, एवढंच लिहायचं. पिगट त्याच्या घरून तेच करत होता.

काही महिन्यांत नमुना स्पष्ट झाला. तारा दर २ दिवस २० तास ४५ मिनिटांनी मंद होतो. दर वेळी तितकाच, आणि दर वेळी तेवढाच वेळ. आज आपल्याकडे जो आकडा आहे तो २ दिवस २० तास ४९ मिनिटं. फरक फक्त चार मिनिटांचा! नुसत्या डोळ्यांनी हे कसं जमलं? यात युक्ती आहे. तारा नेमका कधी सगळ्यात मंद झाला हे ठरवताना माणूस सहज अर्धा तास चुकेल. पण पन्नास फेऱ्या जाऊ दिल्या आणि पहिली ते शेवटची वेळ घेऊन पन्नासने भागलं, तर ती अर्ध्या तासाची चूक प्रत्येक फेरीमागे एका मिनिटाहूनही कमी राहते. महाग यंत्राचं काम इथे चिकाटी करते.

मग कारण काय? गुडरिकने दोन शक्यता मांडल्या. एक, ताऱ्याच्या एका बाजूला मोठे डाग असतील आणि तारा फिरताना ती बाजू आपल्याकडे येत असेल. दुसरी, ताऱ्याभोवती एखादी मोठी काळोखी वस्तू फिरत असेल आणि ठरावीक वेळाने ती त्याच्यापुढे येत असेल. म्हणजे सोप्या भाषेत, ग्रहण. सैतानाचा डोळा मिचकावत नव्हता. त्याला ग्रहण लागत होतं.

मे १७८३ मध्ये त्याचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. त्याच वर्षी सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. हा त्या संस्थेचा सर्वोच्च सन्मान. एकोणीस वर्षांचा होता तो. पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, त्याने आणखी एक रूपविकारी तारा शोधला, त्याच्याबद्दल शेवटी सांगते. एप्रिल १७८६ मध्ये त्याची रॉयल सोसायटीचा फेलो म्हणून निवड झाली. ती बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. चार दिवसांनी, २० एप्रिलला, तो गेला. वय २१.

ग्रहणाची कल्पना बरोबर होती हे सिद्ध व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. १८८९ साली जर्मनीत पॉट्सडाम इथे हेर्मान फोगेल याने अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तारा कधी आपल्याकडे येतोय, कधी आपल्यापासून दूर जातोय, हे त्यातल्या रेषांवरून कळतं. ही ये-जा ग्रहणांच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळली. शेजारी न दिसणारा जोडीदार नक्की होता.

आज आपल्याला या जोडीबद्दल पुष्कळ माहिती आहे. अल्गोल आपल्यापासून सुमारे ९० प्रकाशवर्षं दूर आहे. मुख्य तारा निळसर-पांढरा, खूप तापलेला, सूर्याच्या तिपटीहून थोडं जास्त वस्तुमान असलेला. जोडीदार केशरी, आकाराने त्याच्याहून मोठा, पण थंड आणि अंधुक. त्याचं वस्तुमान सूर्यापेक्षाही कमी. दोघांमधलं अंतर जेमतेम ९३ लाख किलोमीटर. आपला बुध सूर्यापासून सरासरी पाच कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे हे त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. हा अंधुक जोडीदार तेजस्वी ताऱ्यापुढे येतो तेव्हा अल्गोलचा प्रकाश एक तृतीयांशाच्याही खाली जातो. सुमारे पाच तास उतरत जातो आणि पाच तास चढत येतो. एक तिसरा ताराही आहे, तो या दोघांभोवती दूरून पावणेदोन वर्षांहून थोड्या अधिक काळात फिरतो.

या जोडीने शास्त्रज्ञांना एक कोडंही घातलं. जड तारा इंधन भराभर जाळतो आणि लवकर म्हातारा होतो, हा नियम. इथे उलटं दिसत होतं. हलका तारा म्हातारपणाने फुगलेला आणि जड तारा अजून तरुण. दोघं एकाच वेळी जन्मलेले, मग असं कसं? उत्तर १९५० च्या दशकात मिळालं. आज जो हलका आहे तो एके काळी जड होता. तो आधी म्हातारा झाला, फुगला, आणि जोडीदार इतका जवळ की याच्या अंगावरचा वायू त्याच्याकडे ओढला गेला. वस्तुमान एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. इतरत्रही अशा जोड्या सापडल्या, आणि त्यांना आज 'अल्गोल प्रकारच्या जोड्या' म्हणतात. ज्या नावाने लोक घाबरायचे ते नाव आता एका प्रकाराचं लेबल आहे.

आता तुमचा स्वतःचा प्रयोग. ययातीत बघण्यासारखं बरंच आहे. मिरफाकच्या आसपास साध्या बायनॉक्युलरने बघा, ताऱ्यांचा एक सैलसर सुंदर मेळा दिसेल. ययाती आणि शर्मिष्ठा यांच्या मध्ये काळोख्या रात्री एक धुरकट ठिपका दिसतो. तो एकमेकांशेजारचे दोन तारकागुच्छ आहेत, सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं दूर. ऑगस्टमध्ये १२-१३ तारखेच्या सुमारास याच दिशेकडून उल्का बरसतात. स्विफ्ट-टटल नावाच्या धूमकेतूने मागे सोडलेली ती धूळ. आपल्याकडे तेव्हा ऐन पावसाळा, त्यामुळे बहुतेकदा ढगच बघावे लागतात. पण अल्गोल हिवाळ्यात बघायचा असतो, म्हणून तो आपल्याला सोयीचा.

पद्धत गुडरिकचीच. अल्गोलजवळ देवयानीच्या टोकाला अल्माक नावाचा तारा आहे. एरवी अल्गोल जवळपास त्याच्याएवढा दिसतो. त्याच बाजूला त्रिकोण नावाचा लहान समूह आहे, त्याच्या टोकाचा तारा बराच मंद आहे. ग्रहणाच्या मध्यावर अल्गोल त्याच्याएवढा होतो. रोज रात्री ठरलेल्या वेळी बघा आणि वहीत एवढंच लिहा: अल्माकएवढा, की त्याहून कमी, की त्रिकोणातल्या ताऱ्याएवढा. एक रात्र अशी येईल की तारा पडलेला दिसेल. मग दर अर्ध्या तासाने बघा.

ते साधलं की पुढचं भविष्य तुम्हीच सांगू शकाल. पुढचं ग्रहण ६८ तास ४९ मिनिटांनी. म्हणजे तीन दिवसांनी, पण घड्याळात ३ तास ११ मिनिटं आधी. आज मध्यरात्री एक वाजता सगळ्यात मंद दिसला, तर तीन दिवसांनी रात्री ९ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास दिसेल. जाऊन बघा, दिसतो की नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन आठवडे वही कोरी गेली, एकदा ढगाला ग्रहण समजले, आणि मग एका रात्री खरंच तारा मंद दिसला. तीन दिवसांनी माझ्या कागदावरच्या वेळेला तो पुन्हा मंद झाला, तेव्हा मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसले होते. भविष्य सांगायचं तर असं सांगावं. वेळ आधी लिहून ठेवायची, आणि चुकलं तर चुकलं म्हणायचं.

आता गुडरिकच्या दुसऱ्या ताऱ्याबद्दल. तो सेफियसमध्ये आहे, म्हणजे आपल्या वृषपर्व्यात. डेल्टा सेफी त्याचं नाव. तोही कमी-जास्त होतो, पण ग्रहणामुळे नाही. तो तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो. पुढे हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी अशाच प्रकारच्या ताऱ्यांचा अभ्यास केला. त्यांनाही ऐकायला कमी येत असे. १९१२ साली त्यांनी नियम मांडला, की असा तारा जितका सावकाश बदलतो तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे त्याची लय मोजली की खरं तेज कळतं, आणि त्यावरून अंतर काढता येतं. १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीतल्या त्या प्रसिद्ध धुरकट ढगात असाच एक तारा सापडला. अंतर काढलं तेव्हा कळलं की तो ढग आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे. ती एक वेगळी दीर्घिका आहे. आजच्या हिशोबाने २५ लाख प्रकाशवर्षं दूर. बापाच्या घरातल्या ताऱ्यासारखे तारे हातात धरून माणसाने मुलीचं घर किती लांब आहे ते मोजलं, असं म्हणा हवं तर. यॉर्कच्या खिडकीतल्या मुलाने वहीत नोंदी करायला सुरुवात केली नसती, तर ही वाट कदाचित उशिरा सापडली असती.

गोष्टीतला पर्सियस मेड्युसाकडे थेट बघत नाही. बघितलं तर दगड होईल ही भीती. बदनाम गोष्टींच्या बाबतीत आपण बहुतेक तेच करतो. मूळ नक्षत्र, ग्रहण, अमावास्या. कोणीतरी सांगितलेलं प्रतिबिंब बघतो आणि तेवढ्यावर निर्णय घेतो. त्या निर्णयात कधी कधी कोणाचं तरी आयुष्य असतं. गुडरिकने थेट बघितलं. रोज बघितलं. त्याचा दगड झाला नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात या वर्षी एखादी पत्रिका नक्षत्रामुळे अडली असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. निर्णय घेण्याआधी त्या मुलीला आणि घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन एका रात्री गच्चीवर जा. ते नक्षत्र शोधा. सगळ्यांनी नीट, सावकाश बघा. आणि मग आत्याने विचारलं होतं तेच एकमेकांना विचारा.

पुढच्या भागात भेटू.